पुण्यातल्या सोसायट्यांच्या कार्यकारिणींना खुले पत्र : गेट बंद करण्याआधी

पुणे शहरातल्या गृहनिर्माण संस्थांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस जवळ आले. ३० सप्टेंबरच्या आत सभा, त्याआधी चौदा दिवस नोटीस, ऑडिटरच्या मागे लागून हिशोबपत्रकं, कोरम भरेल की नाही याची काळजी, हे सगळं सध्या तुमच्या डोक्यात असणार. विषयपत्रिकेवर पार्किंग असेल, गच्चीची गळती असेल, लिफ्टचा करार असेल, बऱ्याच ठिकाणी पुनर्विकास असेल. त्यात आणखी एक विषय घ्या, एवढी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. पुढची साथ आली तर आपल्या सोसायटीत कोणते निर्बंध कोण लावणार, कशाच्या आधारावर लावणार आणि ते उठवणार कधी, हे आत्ता, कोणी आजारी नसताना, शांत डोक्याने ठरवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा.

साथ पुन्हा येईल का, असं पुण्यात तरी कोणी विचारू नये. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथे झाला आणि शाळा, सिनेमागृहं बंद करावी लागली. २०२० च्या ९ मार्चला राज्यातले पहिले दोन कोविड रुग्ण इथेच सापडले. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलियन-बारे सिंड्रोमचे, रुग्ण एकामागून एक यायला लागले. दोन आजार हवेतून पसरणारे, तिसऱ्याचं मूळ दूषित पाण्यात. प्रत्येक वेळी काळजी वेगळी घ्यावी लागली. पाण्यातून पसरणाऱ्या आजाराला गेटवर ताप मोजून काही उपयोग नसतो, तिथे पाणी उकळायचं असतं आणि टाकी धुऊन क्लोरीन तपासायचं असतं. म्हणून मी तुमच्याकडे नियमांची तयार यादी मागत नाहीये. निर्णय घ्यायची पद्धत ठरवा, असं म्हणते आहे.

मी कोथरूडमध्ये फॅमिली डॉक्टर आहे. कोविडच्या काळात दवाखाना उघडा होता. माझ्याकडे सोसायट्यांतली कुटुंबं येतात आणि त्याच सोसायट्यांत धुणंभांडी, स्वयंपाक, झाडलोट, राखण करणारी माणसंही येतात. त्यामुळे तुमच्या गेटच्या दोन्ही बाजूंचं मला ऐकायला मिळालं. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यातली एकच बाजू बसलेली असते.

आधी हे सांगते की त्या काळात तुम्ही केलेलं काम मी विसरलेले नाही. बिनपगारी काम ते. दूध, किराणा, औषधं, एकट्या राहणाऱ्यांना डबे, दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी काढलेली वर्गणी, रात्री दोनला ॲम्ब्युलन्ससाठी केलेले फोन. आणि मार्च-एप्रिल २०२० मधल्या कडकपणाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. विषाणू नवा होता, चाचण्या मोजक्या होत्या, काय केल्याने काय होतं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. अशा वेळी दार लावून घेणं शहाणपणाचंच होतं. माझं म्हणणं त्यानंतरच्या काळाबद्दल आहे. माहिती येत गेली, शासनाचे आदेश बदलत गेले, पण पुष्कळ सोसायट्यांच्या फलकावरची नोटीस तशीच राहिली.

त्या दिवसांत जवळपास प्रत्येक बैठकीत एक वाक्य ऐकू यायचं : "उगाच रिस्क कशाला घ्यायची?" त्यावर कोणाला काही बोलता येत नसे. पण या वाक्यात असं गृहीत धरलेलं आहे की एका पर्यायात धोका आहे आणि दुसऱ्यात अजिबात नाही. बाई आल्या तर धोका, नाही आल्या तर काही नाही. बाग उघडली तर धोका, बंद ठेवली तर काही नाही. रोज रुग्ण बघणाऱ्या माणसाला हे पटत नाही. मी साधी वेदनाशामक गोळी लिहून देते तेव्हाही दोन्ही बाजू बघते : गुडघा किती दुखतोय, आणि या गोळीने पोट किंवा मूत्रपिंड किती बिघडू शकेल. न देण्याचेही परिणाम असतात, आणि ते रुग्णालाच भोगावे लागतात.

माझे एक रुग्ण पंचाहत्तरीच्या पुढचे. पत्नी गेलेली, मुलगा परदेशात. मधुमेहाच्या गोळ्या चालू. रोज सकाळी एक मावशी येऊन पोळ्या-भाजी करून जायच्या, आणि एवढ्यावर त्यांचं सगळं नीट चाललं होतं. लॉकडाऊन शिथिल झाल्यावरही त्यांच्या सोसायटीने घरकामाच्या बायकांना गेटच्या आत घेतलं नाही. शेजारचे लोक काही दिवस डबा देत राहिले, मग आजोबांनाच संकोच वाटायला लागला. 'माझं मी करतो' म्हणाले. म्हणजे चहा-बिस्किटं, कधी दूध-पोहे. गोळी मात्र शिस्तीत, वेळच्या वेळी. ती गोळी अशी की पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणतेच. एका सकाळी शेजारणीचा फोन आला. आजोबा घामाने भिजलेत, काहीतरी असंबद्ध बोलतायत, कोरोना डोक्यात गेलाय का? ग्लुकोमीटरवर साखर होती ४८. तोंडात साखर घालून, मग लिंबाचं सरबत पाजून ते ताळ्यावर आले. शेजारीण घरात नसती तर काय झालं असतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता हिशोब मांडू. त्यांना कोविड झाला असता तर ते गंभीरच होतं. लस येण्याआधीच्या काळात, प्रगत देशांतल्या आकडेवारीनुसार, पंचाहत्तरीच्या आसपासच्या शंभर लागण झालेल्यांपैकी चार-पाच जण दगावत होते. पंचविशीच्या वयात हेच प्रमाण दहा हजारांत एकाच्या आसपास होतं. म्हणजे कमिटीला त्यांच्याबद्दल वाटलेली भीती खोटी नव्हती. पण मावशी आल्या म्हणजे लागण झालीच, असंही नव्हतं. मावशींना आणि आजोबांना चांगले मास्क, स्वयंपाकघराची खिडकी उघडी, पंखा चालू, पोळ्या होईपर्यंत आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, आणि मावशींना कणकण वाटली तर त्या दिवशी सुट्टी, पगार न कापता. एवढं केलं असतं तर धोका कितीतरी पटींनी खाली आला असता आणि दोन वेळचं जेवण टिकलं असतं. हा मधला मार्ग त्या बैठकीत कोणी मांडलाच नाही, कारण ठराव 'येऊ द्यायचं की नाही' एवढाच होता.

पगार न कापता, हे शब्द मी मुद्दाम घातले. माझ्या मते सगळ्या नियमांत सगळ्यात जास्त रोग याच एका गोष्टीने अडला असता. ताप आलाय असं सांगितलं की पाच घरांचं काम आणि पाच घरांचा पगार जाणार असेल, तर कोणती बाई ताप आल्याचं सांगेल? ती सकाळी पॅरासिटामॉल घेईल आणि कामाला येईल. गेटवरच्या थर्मल गनला तिचा ताप दिसणारही नाही. माझ्यासमोर बसून बायकांनी हे कबूल केलं आहे, रडत केलं आहे. त्यांना मी कसा दोष देऊ? घरी दोन मुलं, नवऱ्याची रिक्षा बंद, खोलीचं भाडं थकलेलं.

काही सोसायट्यांनी यावर उपाय म्हणून दाखला मागायला सुरुवात केली. 'कोरोना नाही' असं डॉक्टरच्या लेटरहेडवर लिहून आणा, दर आठवड्याला. असा दाखला कोणताही डॉक्टर प्रामाणिकपणे देऊ शकत नव्हता. आज ताप नाही, खोकला नाही, एवढंच लिहिता येत होतं. आरटीपीसीआर निगेटिव्ह आली तरी ती नमुना घेतला त्या दिवसापुरती. पण याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. हा कागद मिळवायला धडधाकट बाई माझ्या दवाखान्याच्या छोट्या वेटिंग रूममध्ये, ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर पाऊण तास बसत होती. ज्या जागी लागण होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तिथे तिला पाठवून मग तुम्ही तिला आत घेत होता. मी नंतर अशा बायकांना बाहेरच, जिन्याखाली उभं राहायला सांगून तपासायला लागले. या नियमाने सोसायटीचा धोका कमी होत नव्हता, वाढत होता. पण फाईलला कागद लागत होता, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटत होतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत रक्ताची पाहणी झाली होती. त्यात सरासरी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे निम्म्याहून अधिकांना नकळत लागण होऊन गेलेली होती. प्रभागाप्रमाणे हे प्रमाण साधारण ३६ पासून ६५ टक्क्यांपर्यंत बदलत होतं. सगळ्यात जास्त लोहियानगर-कासेवाडीत. दाट वस्ती आणि सार्वजनिक शौचालयं असलेल्या भागांत ते जास्त होतं. तेव्हा एका सेक्रेटरींनी मला विचारलं होतं, "मॅडम, मग आम्ही वस्तीतल्या बायकांना अडवलं ते बरोबरच नव्हतं का?" मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. वस्तीत लागण जास्त झाली ती दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात म्हणून, कोणी निष्काळजी होतं म्हणून नव्हे. आणि दुसरं, लागण होऊन गेलेल्या माणसाकडून पुढच्या काही महिन्यांत दुसऱ्याला आजार जाण्याची शक्यता बरीच कमी होती. त्या पाहणीतून निघणारा निष्कर्ष असा की ऑगस्ट उजाडेपर्यंत विषाणू गेटच्या आतही होता आणि बाहेरही. फक्त कोण आत येतंय याच्यावर पहारा ठेवून आतल्यांचं रक्षण होणं शक्यच नव्हतं. आतले लोक आपसात कसे वागतात, हे तितकंच महत्त्वाचं होतं.

आणि तिथे आपण काय केलं? बागेला पट्टी बांधली, घसरगुंडीभोवती दोरी गुंडाळली, बाक उलटे करून ठेवले. ज्येष्ठांना खाली उतरू नका म्हणून सांगितलं. टेकड्या आणि महापालिकेच्या बागा तर बंद होत्याच. पण कमिटीची बैठक क्लब हाऊसमध्ये, एसी चालू आणि काचा बंद. गणपतीची आरती मोजक्या लोकांत, पण त्याच बंद हॉलमध्ये, मोठ्याने म्हणत. हवेतून पसरणाऱ्या आजाराचा विचार करताना उदबत्ती डोळ्यांसमोर आणा. मैदानात लावली तर चार पावलांवर वास येत नाही, बंद खोलीत लावली तर दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसालाही येतो आणि विझल्यावरही रेंगाळतो. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ ला सूचना काढून हेच सांगितलं होतं : सूक्ष्म तुषार दहा मीटरपर्यंत हवेत जाऊ शकतात, खिडक्या-दारं उघडी ठेवा, हवा खेळती ठेवा. त्यानंतरही कित्येक सोसायट्यांत बाग बंद आणि हॉल चालू अशीच स्थिती होती.

बाग बंद ठेवल्याने कोणाचं किती नुकसान झालं, याची मोजदाद कोणत्याही इतिवृत्तात नाही. माझ्या केसपेपरांत आहे. चालणं थांबल्यामुळे वाढलेली साखर, आखडलेले गुडघे, बाथरूमपर्यंत जाताना तोल जाऊन पडलेल्या आजी, झोप न लागणारे आजोबा. मुलांचं तर बोलायलाच नको. शाळा बंद राहिल्याने काय झालं ते 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत आलं : ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आलं. शाळा उघडणं तुमच्या हातात नव्हतं. पार्किंगमधला किंवा मैदानातला तासभर खेळ हातात होता, आणि तो उघड्यावर असल्याने त्यातला धोका घरातल्या घरात होणाऱ्या वाढदिवसापेक्षा कमी होता.

त्याच वेळी ज्या गोष्टींनी फारसा फरक पडत नव्हता, त्यांच्यावर मात्र भरपूर पैसा आणि शक्ती गेली. लिफ्टची बटणं दाबायला थर्माकोलच्या तुकड्यात खोचून ठेवलेल्या टूथपिक तुम्हाला आठवत असतील. पार्सलं दोन दिवस गेटवर ठेवायची, नोटांना इस्त्री करायची, भाज्या साबणाने धुवायच्या. प्रवेशद्वारावर माणसांच्या अंगावर हायपोक्लोराइट फवारणारे बोगदे काही ठिकाणी लागले, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिल २०२० ला सूचना काढावी लागली की माणसांवर असं फवारू नका, त्याने अपायच होतो. पुढे, एप्रिल २०२१ मध्ये, अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने आजार होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. हात धुवा, जरूर धुवा, बाकीच्या अनेक आजारांसाठीही ते चांगलंच आहे. पण हाताशी पैसा आणि माणसं मोजकी असतात. फवारणीवर खर्च केलेल्या रकमेत वॉचमनला वर्षभर एन-९५ मास्क देता आले असते.

वॉचमनचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबते. दिवसभर गेटवर उभं राहून प्रत्येक येणाऱ्याच्या कपाळावर गन धरणारा, डिलिव्हरीवाल्यांशी बोलणारा, पॉझिटिव्ह घराच्या दारात किराणा ठेवून येणारा हा माणूस. माझ्याकडे यायचे त्यांच्या तोंडावर महिनोन्‌महिने तोच धुऊन धुऊन विरलेला कापडी मास्क असायचा. रात्री ते मीटर रूममध्ये किंवा पंपाच्या खोलीत झोपायचे, जिथे खिडकी नसते. सोसायटीच्या सुरक्षेचा एवढा विचार झाला, पण सगळ्यात जास्त लोकांशी ज्याचा संबंध येतो त्याच्या झोपण्याच्या जागेला एक खिडकी पाडावी, असं सुचवलेलं मी तरी कुठे ऐकलं नाही. झाडलोट करणाऱ्या आणि कचरा नेणाऱ्या ताईंचंही तेच. त्यांच्यासाठी केलेला खर्च हा उपकार नाही, साथ रोखण्याचाच खर्च आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते तिच्याकडे येते. एप्रिल २०२१. पन्नाशीचे एक गृहस्थ, तीन दिवस ताप. मी म्हटलं, आजच चाचणी करा. ते म्हणाले, "मॅडम, नको. सोसायटीत कळेल." मागच्याच आठवड्यात त्यांच्या इमारतीतल्या एका घराचा रिपोर्ट, त्या घरच्यांना नीट कळायच्या आधी, व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅट नंबरासकट आला होता. त्यानंतर त्यांचा कचरा उचलला गेला नाही, दूधवाल्याने पिशवी खालीच ठेवली, आणि त्या घरातल्या मुलीला बरी झाल्यावरही कोणी लिफ्टमध्ये येऊ देईना. हे बघितलेला माणूस चाचणी कशाला करून घेईल? गृहस्थ घरी गेले. दोन दिवसांनी पुन्हा आले तेव्हा बसल्या जागी ऑक्सिजन ९४ होता. मी त्यांना कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं. परत येऊन बोट पुढे केलं, आकडा ८८. तोवर त्यांना दम लागल्याचं जाणवतही नव्हतं, कोविडमध्ये असं व्हायचं. त्या दिवसांत पुण्यात बेड मिळवणं काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. ते वाचले, मोठ्या कष्टाने वाचले. पण त्यांची पत्नी आणि सासूबाई दोघींना तोवर लागण झालेली होती, आणि त्या दोन दिवसांत ते तुमच्या लिफ्टने वर-खाली करत होते, कारण त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं.

याच शहरात हे एकदा होऊन गेलं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या अमलाखाली गोरे सैनिक घरांत शिरून झडत्या घेत होते, रुग्णांना आणि घरच्यांना छावण्यांत नेत होते. त्याचा परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवायला लागले, मृत्यूसुद्धा लपवायला लागले. साथ आटोक्यात आणण्यासाठी केलेल्या सक्तीनेच साथ दडवली गेली. २२ जूनला रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करत होत्या आणि प्लेगनेच १० मार्च १८९७ ला गेल्या. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपची तुलना मी रँडच्या सैनिकांशी करत नाही, करू नये. पण माणूस घाबरला की आजार लपवतो, हे सव्वाशे वर्षांत बदललेलं नाही. म्हणून रुग्णाचं नाव आणि फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकायचा नाही, हा नियम मला शिष्टाचारापुरता वाटत नाही. चाचणीला येणारे लोक वाढवणारा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे. ज्यांच्याशी खरोखर संपर्क आला त्यांना वैयक्तिक फोन करून सांगता येतं.

लसीबद्दल थोडक्यात. आपल्याच हडपसरजवळच्या मांजरी गावात तयार झालेली कोविशील्ड लस घ्यायला लोक घाबरत होते, कारण रक्ताच्या गाठींच्या बातम्या येत होत्या. मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने सांगितलं की भारतात असे संभाव्य प्रकार दहा लाख डोसांमागे ०.६१ आढळले. मी तो आकडा आणि वयाप्रमाणे कोविडच्या मृत्यूचं प्रमाण एका कागदावर शेजारी शेजारी लिहून रुग्णांसमोर ठेवायचे आणि गप्प बसायचे. बहुतेक लोक त्यानंतर लस घ्यायला गेले. दोन्ही बाजूंचे आकडे समोर ठेवले की माणसं विचार करतात, हा माझा अनुभव आहे. काही सोसायट्यांनी मात्र लस न घेतलेल्यांना लिफ्ट बंद, क्लब हाऊस बंद असे फलक लावले. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना म्हटलं की लस घेण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजेत. प्रमाणात असले पाहिजेत, ही कसोटी सरकारला लागते, तर पन्नास फ्लॅटच्या सोसायटीनेही ती स्वतःला लावायला हरकत नाही.

वेळ कमी करण्याचा एक जुना मोह आहे, त्याबद्दलही सांगायलाच हवं. एप्रिल २०२१ मध्ये किराणा-भाजीची दुकानं फक्त सकाळी सात ते अकरा उघडी ठेवायचा आदेश राज्यात निघाला. त्या चार तासांत दुकानांपुढे काय गर्दी व्हायची ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मग सोसायट्यांनीही तेच केलं : भाजीचा टेम्पो अर्धा तास, पाणी-दूध अमुक वेळेतच, डिलिव्हरी संध्याकाळी एकाच वेळी. दिवसभर तुरळक येणारी माणसं अर्ध्या तासात गेटपाशी एकत्र आली. गर्दी टाळायची तर वेळ वाढवावी लागते.

तर सभेत काय ठरवावं, याबद्दल माझ्या मनात आहे ते असं. कोणताही निर्बंध लावताना त्यावर शेवटची तारीख असावी, चौदा दिवसांची. त्या तारखेला तो आपोआप उठेल. चालू ठेवायचा असेल तर कमिटीने पुन्हा बसावं, नवी माहिती बघावी आणि कारण लिहावं. लावण्याचा ठराव करायला जितके हात वर व्हावे लागतात, तितकेच चालू ठेवायलाही व्हावेत. उघड्या जागा सगळ्यात शेवटी बंद व्हाव्यात आणि सगळ्यात आधी उघडाव्यात. बंद हॉलचं उलट. सोसायटीत एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असणारे, बाळंतीण असलेली घरं यांची यादी आत्ताच करा. त्यांच्याकडे येणारी स्वयंपाकाची बाई, नर्सिंग ब्युरोची ताई किंवा मालिशवाली यांना कोणत्याही परिस्थितीत अडवायचं नाही, हे लिहून ठेवा. गेटवरच्या वॉचमनला आयत्या वेळी कोणाला विचारायची गरज पडू नये.

आजारी पडल्याचं सांगणाऱ्या कामगाराचा पगार कापायचा नाही, हे सोसायटीच्या नोकरांसाठी तुम्ही थेट ठरवू शकता. घरकामाच्या बायकांसाठी सभासदांना आवाहन करता येईल. त्यासाठी मेंटेनन्समधून एक छोटा राखीव निधी काढता आला तर फार बरं. सिंकिंग फंडासाठी आपण तीस वर्षांनंतरच्या इमारतीचा विचार करून पैसे बाजूला टाकतोच की.

आणि काय ठरवू नये, हेही ठरवा. लिफ्ट, जिना, क्लब हाऊस, पाण्याची टाकी, सोसायटीचे नोकर, हे सामाईक आहे, तिथे कमिटीचा शब्द चालावा. घरात कोणाला बोलवायचं, आजारी बहिणीला भेटायला जायचं की नाही, मुलीच्या लग्नाला पंचवीस माणसांत कोण, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलायचं का, बाळाची गोवराची लस चुकवायची का, हे त्या त्या घराने ठरवायचं आहे. पंचविशीतलं जोडपं आणि ऐंशीच्या आजी यांना एकच नियम लागू पडत नाही. दोघांच्या जिवाला असलेला धोकाही सारखा नाही आणि दोघांचं उरलेलं आयुष्यही. एखाद्या आजींना शेवटच्या वर्षात नातवंडं भेटणं हे चार महिने जास्त जगण्याहून मोठं वाटू शकतं. तसं त्या स्पष्ट सांगत असतील, तर कमिटीने मध्ये पडू नये. डॉक्टरांनीही पडू नये. आम्ही माहिती द्यावी, खिडकी उघडायला सांगावी, कोणाला सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी येऊ नका म्हणावं.

बैठकीत कोण बसतं याचाही विचार करा. ज्या ठरावाची झळ मावशींना, वॉचमनला किंवा एकट्या आजोबांना बसणार आहे, त्या ठरावाआधी त्यांच्यापैकी एकाला बोलावून पाच मिनिटं विचारा : हे केलं तर तुमचं काय होईल? दाखल्यासाठी दवाखान्यात पाऊण तास बसावं लागतं, ही गोष्ट एखाद्या मावशीने तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितली असती.

हा विषय 'आयत्या वेळचे विषय' म्हणून घेऊ नका, तोवर लोक उठून चहाकडे गेलेले असतात. नोटीसमध्येच छापा. तुमच्या सभेत कोणी डॉक्टर नसेल आणि शंका असतील तर तुमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरला बोलवा, बहुतेक जण आनंदाने येतील. माझा दवाखाना संध्याकाळी सहा ते नऊ असतो, त्यामुळे कोथरूड-कर्वेनगर भागातल्या सभांना मी रविवारी सकाळी येऊ शकते. आधी निरोप द्या, आणि शक्य असेल तर सभा पार्किंगमध्ये, उघड्यावर ठेवा.

आपली,
कोथरूडमधली एक फॅमिली डॉक्टर